काकू, टक्कन काय वाजतंय ते आता सांगतो

काकू,

तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. २०२१ च्या जुलैतला पूर. रात्री दोनच्या सुमाराला तुमचा फोन आला होता, "आरं, तुझ्या माशांच्या पेटीत टक्कन काय वाजतंय? काच तडकली का काय?" मी म्हटलं, "कोळंबी आहे ती," आणि रेंज गेली. पुढं पूर ओसरला, तुमच्या घरातला चिखल काढण्यात आठवडा गेला, आणि मग तुम्ही दोघं मुलाकडं गडहिंग्लजला राहायला गेलात. आभार मानायला लागलो की तुमचं ठरलेलं, "गप रं, तांब्याभर पाणी वरखाली केलं, त्यात काय एवढं!" म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला मधेच तोंड दाबता येणार नाही.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं म्हणून थोडं मागचं. शाहूपुरीत आम्ही पहिल्या मजल्यावर, तुम्ही तळमजल्यावर. मी कामासाठी पुण्याला गेलेलो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. जुलैत कोल्हापूरकर 'जेवलास का' विचारायच्या आधी 'पाणी किती फुटावर' विचारतो. त्या वेळी आकडा पन्नाशी ओलांडून गेला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि मी तिकडंच अडकलो. तुमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी. माझी किल्ली तुमच्याकडं असायचीच. शेगडी, पिठाचे डबे आणि देव घेऊन तुम्ही आणि काका माझ्या घरात वर आलात. वीज नव्हती. आणि हॉलमध्ये माझी शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, पंप बंद पडून गप्प उभी.

खरं सांगतो, मला फोन करायचीच लाज वाटत होती. ज्यांचा संसार पाण्यात गेलाय त्यांना मी काय सांगणार, माझा मासा बघा म्हणून? फोन तुम्हीच केलात. "तुझा त्यो पिवळा मासा तोंड उघडाय लागलाय रं."

सेलवरचा छोटा पंप एक रात्र चालला. मग सेल संपले आणि दुकानं बंद. तेव्हा मी सांगितलं, तांब्यानं पाणी उचला आणि वीतभर वरनं धार धरून परत सोडा. पाणी वरनं हललं, फुटलं की हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. नुसत्या माशाला नव्हे, दगडांत राहणाऱ्या जिवाणूंनाही तो लागतो. तेच घाणीतला अमोनिया पचवतात. तुम्ही आणि काकांनी पाळ्या लावल्या. अर्ध्या अर्ध्या तासानं पाच मिनिटं धार. हीटर बंद, बाहेर गार पाऊस, म्हणून टाकीला तीन बाजूंनी वाकळ गुंडाळलीत. हे मी सांगितलं नव्हतं. "बाळंतिणीला गुंडाळत न्हाईत व्हय?" म्हणालात.

दोनदा मात्र मी फोनवर ओरडलो, त्याची माफी. एकदा तुम्ही विचारलंत, "खारटपणा कमी झाला असंल, आमच्या डब्यातलं मीठ टाकू?" काकू, टाकीतून उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागं राहतं, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आणि ते मीठ आपलं स्वयंपाकातलं नव्हे. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मिसळतो, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं समुद्रातलं बरंच असतं. दुसऱ्यांदा ओरडलो ते भाताच्या शितावरून. खाऊ घालू नका म्हटल्यावर तुमचा आवाज पडला, कोल्हापुरात पाहुण्याला उपाशी ठेवणं म्हणजे पापच. पण पंप बंद असताना उरलेलं अन्न कुजलं असतं, आणि मासा चार दिवस उपाशी सहज राहतो.

आता ते टक्कन. हे दोन जीव मी मुंबईहून मागवले होते, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, थर्माकोलच्या डब्यात. कोळंबीला टायगर पिस्टल श्रिम्प म्हणतात, पिवळ्याला यलो वॉचमन गोबी. म्हणजे राखणदारच. ही कोळंबी दिवसभर वाळू उपसते. बुलडोझरसारखी दोन्ही हातांनी ढीग ढकलत बाहेर आणते, छपराला शिंपल्याचे तुकडे लावते. माझी सुरुवातीची टाकी तिनंच पाडली, कारण मी दगड वाळूवर ठेवले होते. तिनं खालून पोखरलं आणि सगळी रचना बसली. तेव्हापासून दगड आधी तळाच्या काचेवर टेकवायचे आणि मग वाळू घालायची, हे शिकलो. वाळूही नुसती बारीक चालत नाही, त्यात पोवळ्याचे जाडसर तुकडे लागतात, नाहीतर बोगदा उभाच राहत नाही.

तिला दिसतं मात्र फार कमी. म्हणून गोबी बिळाच्या तोंडाशी पहाऱ्याला बसतो आणि ती बाहेर आली की एक मिशी त्याच्या अंगावर ठेवते. धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो आणि ती मागच्या मागं आत. हे मी महिना निरखून पाहिल्यावर समजलो. तुम्ही बॅटरीच्या उजेडात एका संध्याकाळीत ओळखलंत. "मिशी काय काढत न्हाई ती त्याच्यावरनं. ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आमी दोघं असंच बाजारात जायचो."

आणि आवाज. तिचा एक हात, म्हणजे नांगी, दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो ती झटक्यात मिटते, पण नांगीची दोन टोकं आपटून तो आवाज होत नाही. इतक्या वेगानं पाण्याची चिळकांडी सुटते की तिच्यामागं एक बुडबुडा तयार होतो, तो बुडबुडा फुटतो त्याचा तो टक्. हे २००० साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं. पुढच्या वर्षी त्याच लोकांना त्या फुटण्यात प्रकाशाचा कणही सापडला, म्हणजे आतलं तापमान क्षणभर निदान ५,००० केल्विन. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास. तुम्ही वाकळ गुंडाळलीत त्या टाकीत हे चाललं होतं, काकू.

पंप, पंखा, टीव्ही काहीच चालू नव्हतं, म्हणून तो आवाज तुम्हाला काच तडकल्यासारखा वाटला. काकांनी तर त्याचा हिशेबच ठेवला. झोप लागत नव्हती म्हणून प्रत्येक टक्‌ला कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं एक रेघ. मी परत आल्यावर ते पान काढून ठेवलंय. दोन चौकोन रेघांनी गच्च आहेत. तिसरा कोरा.

त्या तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही बोलतच नव्हता. काका बोलले. बिळाबाहेर कोळंबी पडलीय, हलत नाही, पांढरी फटक. मीही धरून चाललो की गेली. चमच्यानं काढून टाका म्हटलं. पिवळा तरी वाचवा म्हटलं. तुम्ही काढलीत, पण टाकली नाहीत, काकांच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलीत. तरी धार चालूच ठेवलीत, आणि पुढच्या रात्री पावणेतीनला फोन. नमस्कार नाही, काही नाही. "वाजलं!"

कात टाकली होती तिनं. नवं कवच कडक होईपर्यंत आत दडून बसली होती, आणि पिवळा तोंडाशी हलला नव्हता. त्यावरूनच मला कळायला हवं होतं. नाद माझा, पण धीर तुमचा.

दसऱ्याला तुम्ही इकडं येणार आहात असं काका म्हणाले. येताना ती डबी आणा. मधल्या काळात तिचा मोठा हात गळून पडला होता. कशानं, ते मला दिसलं नाही. अशा वेळी कात टाकता टाकता उरलेला छोटा हातच मोठा होतो आणि गळलेल्या जागी बारका उगवतो. तुमच्या डबीतल्या टरफलाचा मोठा हात उजवा आहे, काकांनी फोटो पाठवला तेव्हा नीट पाहिलंय. आता वाजवते ती डाव्यानं.