पित्ताशय काढल्यावर तेल मोजून, पण रोज

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

न्याहारी झाली की लगेच संडासला पळावं लागतं, असं तू फोनवर म्हणालीस. घाबरू नकोस. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. पित्ताशय त्यातलं थोडं घट्ट करून साठवायचं आणि तेलकट जेवण आलं की सोडायचं. आता पित्त तेवढंच बनतं, पण दिवसरात्र थेंबथेंब आतड्यात उतरत राहतं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते बहुतेक शोषलं जातं. जे निसटून मोठ्या आतड्यात जातं त्यामुळे तिथे पाणी सुटतं आणि घाईची, पातळ शौच होते. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

म्हणून तेल-तूप पार बंद करू नकोस. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट शोषली जात नाहीत. एका वेळच्या खाण्यात एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिली, दिवसाचे मिळून तीन-चार. बाटलीतून ओतू नकोस, चमच्यानेच घे. एकाच ताटात चार चमचे आले की पित्त त्या वेळी पुरत नाही, चरबी अर्धवट पचून पुढे सरकते, पोट फुगतं, मुरडा येतो.

मेसच्या भाजीचं काय, हा खरा प्रश्न. वाटी दोन मिनिटं तशीच ठेव, तवंग वर आला की चमच्याने काढून टाक, आणि फोडी निथळून पानात घे. लपलेलं तेल जास्त फसवतं: मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण तीन छोट्या चमच्यांइतकं तेल असतं, म्हशीच्या सायीसकट ग्लासभर दुधातही जवळपास तेवढंच. त्यामुळे दिवसभर निरंकार उपास आणि रात्री दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, हे सध्या नकोच. सध्या उपासच नको. दर तीन-चार तासांनी थोडं खा: मऊ भात-मुगाचं वरण, भाकरी आणि दुधी किंवा पडवळ, ताक. उपाशीपोटी कडक चहा-कॉफी घेऊ नकोस.

शौच पातळ असेपर्यंत जेवणानंतर एक छोटा चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच पी. ठेवलंस तर घट्ट होतं. इतर गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेव. कोबी, राजमा, मिसळ असं काही परत सुरू करताना एका वेळी एकच पदार्थ, थोडासा, आणि पुढचा दोन-तीन दिवसांनी. दोन एकदम खाल्लेस तर कशाने बिघडलं ते कळणार नाही. वेळ, पदार्थ, त्रास एवढं वहीत लिही.

महिनाभराने फरक नसेल तर डॉक्टरांना विचार. आतड्यातलं पित्त बांधून ठेवणारी कोलेस्टायरामीन नावाची पूड असते, ती त्यांनी सांगितली तरच घ्यायची.

ताप, थंडी, डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढुरकी, किंवा उजव्या बरगडीखाली थांबत नाही अशी कळ, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, रात्र असली तरी. पित्ताच्या नळीत खडा राहिलेला असू शकतो, आणि त्याला पथ्य हा इलाज नाही.

रविवारी वहीच्या पानांचे फोटो पाठव.

तुझी आई