'खेळला नाही' हे चूक आहे

संपादक महोदय,

खाशाबा जाधवांच्या जयंतीला आपल्या क्रीडापानावर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकवरचा लेख आला. त्याचं कात्रण काढून ठेवलंय. खाशाबांना तिथे धाडायला बॅरिस्टर खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आमच्या कराडात पोरासोरांना पाठ आहे, तरी दरवर्षी छापा. तक्रार आहे ती शेजारच्या 'अपराजित संघ' या चौकटीची. तिथे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या १९५१ च्या अमेरिकन फुटबॉल संघाला एक ओळ मिळाली: नऊ सामने, नऊ विजय, मॅटसन चमकला, बाउल सामना खेळला नाही. आकडे बरोबर आहेत. शेवटचे दोन शब्द मात्र टोचले.

हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो नव्हे. लांबट चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. आम्हा कबड्डीवाल्यांना चुलतभाऊ वाटावा असा प्रकार. हंगाम संपला की नव्या वर्षाच्या सुमारास निवडक संघांना निमंत्रणाचे सामने मिळत, ते बाउल. नाव तिथे, पैसा तिथे. या पोरांनी ३३८ गुण केले आणि अवघे ८६ दिले. ऑली मॅटसन एकटा १,५६६ यार्ड पळाला, त्या वर्षी अमेरिकेतल्या कुठल्याच कॉलेजात एवढं कुणी पळालं नव्हतं. त्याचा जोडीदार जिनो मार्केटी तर महायुद्धात लढून परत आला होता आणि मग कॉलेजात शिरला होता. शेवटचा सामना लोयोला विद्यापीठाविरुद्ध, २०-२, तोही पॅसाडीनाच्या रोझ बाउल मैदानावर. म्हणजे रोझ बाउलच्या गवतावर पाय लागले, पण बाउल काही नशिबी आला नाही.

कारण मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय होते, आणि मायामी, न्यू ऑर्लिन्स, जॅक्सनव्हिल इथले बाउल दक्षिणेत भरत. तिकडे तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या शाळा, बसमधल्या जागा, पाण्याचे नळसुद्धा वेगवेगळे. संघापर्यंत बोलणं पोचलं ते असं की त्या दोघांना मागे ठेवलंत तर निमंत्रणाचं जमेल. बाकीच्या पोरांनी सरळ नाही म्हटलं. याला आपण 'खेळला नाही' कसं म्हणायचं?

नकार फुकटचा नव्हता. कॉलेजचा फुटबॉल तोट्यात चालला होता, बाउलचे पैसे मिळाले असते तर कदाचित तगला असता. हंगाम संपताच कॉलेजने संघच बंद केला. बॉब सेंट क्लेअर नावाचा सहा फूट नऊ इंचाचा गडी (हा कच्चं मांस खायचा, त्यावर वेगळं पत्र लिहीन) उरलेलं कॉलेज खेळायला पार ओक्लाहोमातल्या टल्सात गेला. पुढे मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर असे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले.

आता मला एवढं का लागलं ते सांगतो. सत्तरच्या दशकात शाळेचा कबड्डी संघ घेऊन मी एका गावी गेलो होतो. फायनल आम्ही मारली ती डाव्या कोपऱ्यावरच्या पोरामुळे. शेवटच्या चढाईत त्याने समोरच्याचा घोटा धरला तो सोडलाच नाही, कोपर सोलून निघालं तरी. रात्री यजमानांकडे पंगत बसली आणि त्याचं ताट तेवढं बाहेर सोप्यात वाढलं गेलं. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी भाकरी मोडली. सरांनी घास घेतला म्हटल्यावर त्यांनीही घेतला. येताना एसटीत तो पोरगा माझ्याशी नेहमीसारखाच बोलत होता, ते जास्त लागलं. तेव्हा वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी हातातला बाउल सोडणं काय असतं, हे मला आकड्यांवरून कळलेलं नाही.

आणखी एक. आपल्या हेलसिंकीच्या लेखाला ही चौकट अगदी शोभली असती, कारण मॅटसनही १९५२ ला तिथेच होता. त्याने ४०० मीटरमध्ये कांस्य घेतलं आणि चार बाय चारशे रिलेत रौप्य. खाशाबांचं कांस्य त्याच आठवड्यातलं. दोघांचे फोटो शेजारी छापता आले असते.

टोलरचं तर नावच चौकटीत नाही. पदवीनंतर एका सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शाळामास्तर झाला, मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये शिट्टी गळ्यात अडकवून एनएफएल या तिकडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून मैदानात उतरला. तेव्हा एनएफएलचा प्रमुख होता पीट रोझेल, जो १९५१ ला याच संघाच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवायचा! विद्यापीठाच्या एका वसतिगृहाला २०१७ पासून टोलरचं नाव आहे.

तरी पुढच्या अंकात 'खेळला नाही'च्या जागी 'दोन सहकाऱ्यांना वगळून खेळायला नकार दिला' अशी दुरुस्ती छापावी. ओळ लांब होईल, चौकट थोडी मोठी करा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड