अण्णा झोपल्यावर बघ

नाशिक,
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू म्हणालास, "अण्णा आता मला ओळखत नाहीत. मग वीस वर्षं जे त्यांना सुनवायचं ठरवलं होतं, ते आता कुणाला सुनवू?" मी गप्प राहिलो. उत्तर आजही नाही. पण फोन ठेवल्यावर रात्रभर मला एक कार्टून आठवत राहिलं, म्हणून हे पत्र.

'बोजॅक हॉर्समन'. मागे मी आग्रह केला तेव्हा तू तीन भाग बघून सोडून दिलंस. "घोडा दारू पितो आणि शिव्या देतो, यात काय बघायचं?" असं म्हणाला होतास. तेव्हा मी वाद घातला नाही, कारण सुरुवातीचे भाग तसेच आहेत. नव्वदच्या दशकात एका कौटुंबिक विनोदी मालिकेमुळे गाजलेला हा घोडा-नट बोजॅक आता हॉलिवूडच्या टेकडीवरच्या बंगल्यात एकटा पडून असतो. त्याची एजंट गुलाबी मांजर, त्याचा प्रतिस्पर्धी सदा आनंदी लॅब्राडोर. २०१४ साली नेटफ्लिक्सवर ही कार्टून मालिका आली तेव्हा मलाही ती नुसती मोठ्यांची थट्टामस्करी वाटली होती.

पहिल्या सीझनच्या आठव्या भागाशी मी थबकलो. हर्ब नावाचा बोजॅकचा जुना जिवलग मित्र कॅन्सरने मरायला टेकलेला असतो. ती गाजलेली मालिका हर्बनेच उभी केलेली. तो समलिंगी आहे हे उघड झाल्यावर त्याला काढून टाकलं, आणि बोजॅक त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. आता इतक्या वर्षांनी तो माफी मागायला जातो. हर्ब नीट ऐकून घेतो आणि सांगतो, मी तुला माफ करत नाही, हे ओझं घेऊनच तुला जगावं लागेल. मी वाट बघत होतो की आता कुणीतरी विनोद करून ताण घालवेल. कुणी केला नाही.

'बोजॅक' लिहिणारा राफेल बॉब-वॅक्सबर्ग आणि ती माणसासारखी वागणारी जनावरं काढणारी लिसा हॅनावॉल्ट हे दोघे शाळेपासूनचे मित्र. हे कळलं तेव्हा मला तुझी आणि माझी शेवटच्या बाकावरची वही आठवली.

तुला खरं सांगायचंय ते चौथ्या सीझनच्या अकराव्या भागाबद्दल. बोजॅकची आई, बिअ‍ॅट्रिस. आयुष्यभर त्याला घालूनपाडून बोललेली बाई. आता ती सगळं विसरत चाललीय, पोटच्या मुलाला मोलकरणीच्या नावाने हाक मारते. अख्खा भाग तिच्या डोक्यातून दिसतो. अनोळखी माणसांना चेहरेच नाहीत, नुसती कोरी कातडी. एका बाईच्या चेहऱ्यावर तर कुणीतरी चिडून रेघोट्या ओढाव्यात तशी काळी गिचमिड. ती कोण, ते मी सांगणार नाही. काळही सरळ चालत नाही. जेवणाच्या टेबलावर ती म्हातारी असते, दारातून बाहेर पडते ती लहान मुलगी होऊन. दुसऱ्या महायुद्धात भाऊ गेला, त्या दुःखाने आई सैरभैर झाली, तर बापाने आईच्या मेंदूवरच शस्त्रक्रिया करवली. पोरीला आजार झाला तेव्हा तिची बाहुली तिच्यादेखत जाळली. हे कार्टूनमध्येच जमतं रे, खऱ्या नटांना घेऊन हे असं दाखवताच आलं नसतं.

हे सगळं बोजॅकला ठाऊकच नाही. ते दिसतं फक्त आपल्याला. त्याने तर ठरवून ठेवलेलं असतं की हिने ओळखल्याच्या क्षणी हिला मनातलं सगळं सुनवायचं. तो तिला एका वृद्धाश्रमाच्या भकास खोलीत सोडायला जातो आणि ती खरंच त्याला ओळखते. विचारते, मी कुठे आहे? तो तोंड उघडतो, थांबतो, आणि सांगतो, तू तळ्याकाठच्या घरी आहेस. उन्हाळ्याची रात्र आहे, काजवे चमकतायत, घरचे सगळे आहेत, तू आइस्क्रीम खातेयस. चव लागतेय का, विचारतो. ती हो म्हणते.

मी टीव्ही बंद करून बराच वेळ अंधारात बसलो होतो, मंदार.

त्याने तिला माफ केलं असं मात्र मला वाटत नाही, आणि म्हणूनच ती मालिका मला खरी वाटते. पाचव्या सीझनच्या सहाव्या भागात ती गेलेली असते आणि जवळजवळ अख्खा भाग तो एकटाच शवपेटीशेजारी उभा राहून बोलतो. आई गेली असं सांगितल्यावर बर्गरच्या दुकानातल्या मुलीने त्याला साखरेत घोळवलेला एक चुरो, म्हणजे तळलेली गोड कांडी, फुकट दिला, तेवढी माया आईने कधी दिली नाही, म्हणतो. शेवटी दवाखान्यात ती म्हणाली होती, "आय सी यू." तू मला दिसतोस. तो त्या तीन शब्दांना कवटाळून बसतो, आणि बोलता बोलताच त्याच्या ध्यानात येतं की ती भिंतीवरची अतिदक्षता विभागाची पाटी वाचत होती. बोजॅकला आवाज देणाऱ्या विल आर्नेटचा तो घोगरा आवाज इथे कुठेही रडत नाही. त्या शवपेटीशेजारी बाकी कुणी अवाक्षर बोलत नाही.

अण्णांचा पट्टा मी पाहिलाय. तुझ्या पाठीवरचे वळही. म्हणून त्यांच्याशी गोड वाग असं तुला सांगायची माझी हिंमत नाही. ते तू ठरव.

एक भाग पंचवीस मिनिटांचा. त्यांना भरवून, औषध देऊन झोपवलंस की रोज दोन होतील. सबटायटल लावून ठेव, आवाज लहान राहील. तीन आठवड्यांत चौथ्या सीझनच्या दहाव्या भागापर्यंत पोचशील. तिथे थांब. गणपतीला मी सांगलीला येतोय, अकरावा माझ्याबरोबर बघ.

तुझा,
अभय