पंधरा जूनची वाट बघू नका, नवीन पोरांना शाळा आत्ताच दाखवा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मी घणसोलीत राहते, आमचे मिस्टर वाशीला कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत आणि मुलगी इथल्याच एका हायस्कूलला नववीची परीक्षा देऊन मोकळी झालीय. पालक-शिक्षक संघात मी दोन वर्षं आहे म्हणून शाळेतलं थोडंफार आतलं दिसतं. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, मोबाईलवर टाईप करतेय, लांबलं तर कापा पण मुद्दा ठेवा.

मुद्दा एवढाच की हायस्कूलला नवीन येणाऱ्या पोरांची तयारी जूनमध्ये नाही तर आत्ता, शाळा सुट्टीसाठी बंद व्हायच्या आत झाली पाहिजे. पंधरा जूनला गेटवर फुगे लावतात, गुलाबाचं फूल देतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात, ते छानच आहे, लहान पोरांना आनंद होतो. पण आठवीला नवीन आलेल्या पोराला फुलापेक्षा आपला वर्ग कुठल्या मजल्यावर, मधल्या सुट्टीत काय करायचं आणि अडलं तर कुणाला विचारायचं हे कळायला हवं असतं, आणि ते सांगायला त्या दिवशी कुणाला वेळ नसतो, सर लोक पटसंख्या, पुस्तकं, याद्या यात अडकलेले असतात आणि त्यात बाहेर पहिला पाऊस.

हे मला कळलं ते माझ्या पुतण्यामुळे. तीन वर्षांपूर्वी दिरांनी त्याला पाटण तालुक्यातून आमच्याकडे शिकायला ठेवला. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, पुढे हायस्कूल लांब, तेव्हा म्हटलं इकडेच शिकू दे. आमच्या भागात असं घरोघरी आहे, पाटण-जावळीकडची कितीतरी माथाडी कुटुंबं घणसोली-कोपरखैरण्यात आहेत आणि सातवी झाली की पोरगं मुंबईला आणायचं ही पद्धतच आहे. तर पहिल्यांदा दाखल्यावरूनच अडलं. मुलीची शाळा भरली होती म्हणून दुसऱ्या एका शाळेत गेलो, तिथे सांगितलं आधी एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणा मग बघू. गावच्या गुरुजींनी दाखला लगेच काढला पण तो माणसाबरोबर इकडे यायला आणि इथल्या ऑफिसात पसंत पडायला बारा दिवस गेले आणि तेवढे दिवस पोरगं घरात बसून. नंतर मला समजलं की शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये कलम ५ ला स्पष्ट लिहिलंय, दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचं ॲडमिशन थांबवता येत नाही, नाकारता येत नाही. आम्हाला माहीतच नव्हतं, आणि समोरच्यानेही सांगितलं नाही.

मग शाळा सुरू झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी बघते तर हा घरी आला की आधी भाताच्या पातेल्यावर तुटून पडतो. विचारलं का रे, शाळेत खिचडी देत नाहीत का, आठवीपर्यंत तर असते. तर मान खाली घालून म्हणाला काकू, ताट घरून न्यायचं असतं, माझ्याकडे नव्हतं. चार दिवस तो पोरगा मधल्या सुट्टीत नळाजवळ उभा राहून पाणी पीत होता कारण ताट आणायचं हे त्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही. गावाकडे ताटं शाळेतच होती हो. मला त्या रात्री झोप आली नाही खरं सांगते.

त्याहून मोठं दुखणं गणिताचं. गावाला हा गणितात कायम पहिला, आणि इथे महिन्याभरात म्हणायला लागला मला गणित येत नाही. इथे आठवीचा त्याचा वर्ग सेमी इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. बाई फळ्यावर एलसीएम काढा म्हणायच्या आणि हा गप्प. लसावि म्हटलं असतं तर पहिला हात ह्याचा वर आला असता. एलसीएम म्हणजे लसावि, एचसीएफ म्हणजे मसावि, न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, इंडेक्स म्हणजे घातांक, एवढंच त्याला कुणीतरी बसून सांगायला हवं होतं, एका दुपारचं काम. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीने ते केलं, तीही तेव्हा लहानच होती पण सेमीला होती म्हणून तिला शब्द माहीत होते, शेजारच्या ताईला विचारून बाकीचे भरले. तोपर्यंत पहिलं सत्र गेलं होतं आणि घटक चाचणीत पोराला वीसपैकी चार पडले होते. आता तो दहावीची परीक्षा देऊन गावाला गेलाय, पेपर चांगले गेलेत म्हणतो.

तर हे सगळं मी मागच्या वर्षी पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगला आमच्या मुख्याध्यापिका बाईंसमोर बोलले. खूप बोलले, मध्ये रडूही आलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि यंदा खरंच केलं, त्यासाठी मी त्यांचे आभार मानते.

वार्षिक परीक्षा संपली की निकालापर्यंत मध्ये थोडे दिवस असतात. सर-मॅडम पेपर तपासत असतात आणि पोरं घरी मोबाईल बघत असतात, त्यातला एक शनिवार आम्ही धरला. जवळच्या दोन शाळांमधली सातवीची पोरं आणि त्यांचे आईवडील बोलावले, शिवाय ज्यांच्या घरी गावाहून कोणी शिकायला येणार आहे त्यांनाही निरोप दिला. साधारण चाळीस पोरं आली. शाळा दाखवायचं काम आठवी-नववीच्या पोरांकडेच दिलं, शिक्षकांकडे नाही. चार-चार नवीन पोरांमागे एक जुना. सर लोक स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते, त्यांना कोणी उठवलं नाही. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरा, अमुक पाठवा, तमुक पाठवा, त्यांच्यामागे आधीच खूप आहे, आणखी एक उपक्रम त्यांच्या डोक्यावर टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पोरांनी काय दाखवावं हे आम्ही ठरवलं नव्हतं. त्यांनी प्रयोगशाळा दाखवली, लायब्ररीची चावी कुणाकडे असते ते सांगितलं, कुठल्या जिन्याला पावसात पाणी साचतं आणि पाय घसरतो ते दाखवलं, उशीर झाला तर मागच्या गेटने येऊ नका तिथे पीटीचे सर उभे असतात हेही सांगून टाकलं. आणि खिचडीच्या खिडकीपाशी माझी मुलगी थांबली आणि म्हणाली हे बघा, ताट आणि चमचा घरून आणायचा, नसेल आणला तर त्या दिवशी मला येऊन सांगा, माझ्या दप्तरात एक जास्तीचं असेल. हे तिला मी सांगितलं नव्हतं.

एका वर्गात टेबलावर खोका ठेवला होता, ज्याला जे विचारायचंय ते चिठ्ठीवर लिहून टाका, नाव लिहू नका. बाईंनी त्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचल्या. गणिताचे सर मारतात का. इंग्लिशमध्येच बोलावं लागतं का. बूट काळेच पाहिजेत का, माझे पांढरे आहेत. माझी मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली तर बदलून मिळेल का. आणि एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का. बाई वाचता वाचता थांबल्या. मग त्यांनी नववीच्या मुलींकडे बघितलं तर मुली खाली बघायला लागल्या. तीनपैकी दोन दारांना कडी नव्हती, साहेब. कधीपासून नव्हती ते नक्की कुणाला आठवत नाही, मुली आपापसात एकमेकींसाठी दार धरून उभ्या राहायच्या आणि तेच चालू होतं, माझ्या स्वतःच्या मुलीने घरी कधी बोलून दाखवलं नाही. सोमवारी सुतार आला आणि दोन्ही कड्या लागल्या. मीटिंगांमध्ये आम्ही स्नेहसंमेलनाच्या ड्रेसवर तासभर बोललोय पण हे आमच्यासमोर आणलं ते अजून शाळेत न आलेल्या एका पोरीने.

शब्दांची यादीही त्या दिवशी वाटली. मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी गणित-विज्ञानाचे मराठी-इंग्रजी शब्द समोरासमोर लिहून काढले, गणिताच्या बाईंनी एकदा तपासून दिले, दोन पानं झाली, झेरॉक्स काढली. सुट्टीत गावाला गेलात तरी वहीच्या पाठीमागे चिकटवून ठेवा आणि रोज पाच शब्द बघा एवढंच सांगितलं.

दुसऱ्या वर्गात आम्ही पालक बसलो होतो आणि तिथे मला आणखी एक गोष्ट दिसली. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, खिचडी मिळते, आणि ज्यांना आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांतून इंग्लिश मीडियमला ॲडमिशन मिळालं त्यांची फीही आठवीपर्यंतच माफ असते, नववीला हे सगळं एकदम थांबतं. हे कितीतरी जणांना माहीत नव्हतं. एक ताई, त्या रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला जातात, त्यांचा मुलगा आरटीईतून एका शाळेत आठवीला आहे, त्या म्हणाल्या जूनमध्ये एकदम फीचा कागद हातात आला असता तर मी काय केलं असतं. आता निदान दोन महिने हातात आहेत, त्यांनी आमच्या शाळेत नववीसाठी नाव देऊन ठेवलं. हे सांगायची जबाबदारी कुणाची ते मला माहीत नाही पण आठवीचा निकाल देताना प्रगतीपुस्तकाबरोबर एक साधा कागद प्रत्येक शाळेने द्यावा असं मला मनापासून वाटतं. आणि आता पाचवी-आठवीला नापास केलं जातं, आधी पुन्हा परीक्षा घेतात आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसवतात, हेही गावाहून येणाऱ्या पोरांच्या घरी पोचलेलं नसतं.

पुस्तकांचं म्हणाल तर नववी-दहावीची जुनी पुस्तकं आम्ही गोळा केली. नववीची बालभारतीची पुस्तकं २०१७ ला बदलली आणि दहावीची २०१८ ला, तेव्हापासून तीच चालू आहेत, त्यामुळे मागच्या वर्षीची पुस्तकं आरामात चालतात, तरी दरवर्षी लोक नवीन घेतात आणि जुनी रद्दीत जातात. दहावीची पोरं परीक्षा संपली की शाळेकडे फिरकत नाहीत, पण त्या शनिवारी पुस्तकं द्यायला म्हणून वीसेक जण आले, सगळ्या सरांना भेटले, जुन्या वर्गात जाऊन बसले, त्यांचाही निरोप तेव्हाच खरा झाला असं मला वाटलं. माझ्या मुलीला जे भूमितीचं पुस्तक मिळालं त्यात पायथागोरसच्या प्रमेयाशेजारी पेन्सिलने लिहिलंय, "हे नीट कर गं, मी सोडलं होतं." कोण ते माहीत नाही. मुलगी ते पान रोज उघडून बघते.

खर्च किती आला तर पोहे आणि झेरॉक्स, तेही आम्ही पालकांनी वाटून घेतले.

माझी विनंती महापालिकेच्या शिक्षण विभागाला अशी आहे की ज्या शाळा सातवीला किंवा आठवीला संपतात त्यांच्या पोरांची यादी एप्रिलमध्येच जवळच्या हायस्कूलला द्या, म्हणजे बोलवायला सोपं जाईल, आम्ही घरोघरी फिरून बोलावलं. दिघा, ऐरोली, तुर्भे स्टोअर, इथे कुठेही हे होऊ शकतं, ठाण्यातही होईल. आणि जी पोरं जूनच्या शेवटी किंवा जुलैत गावाहून येतात, कारण पेरणी झाल्याशिवाय घरचे सोडत नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्येक वर्गात एक सोबती आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे आठवीतून नववीत जाणाऱ्या सहा पोरांनी नावं दिलीत.

पालकांनाही सांगते, परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी गाडी पकडायची घाई आपल्याला असते, मलाही असते, गावची ओढ कुणाला नाही. पण तुमचं पोरगं नवीन शाळेत जाणार असेल तर एक दिवस थांबा आणि त्याला घेऊन त्या शाळेत जाऊन या, शाळेने बोलावलं नसेल तरी जा, शिपाईमामांना सांगा आम्हाला फक्त बघायचंय. आणि शाळेत आधीपासून असलेल्या आपल्या पोरीला एकदा घरी बसवून दारांना कड्या आहेत का ते विचारा.

संपादक साहेब, बऱ्याच शाळांत पेपर तपासणं अजून चालू आहे, म्हणजे शाळा उघड्या आहेत आणि सर-मॅडम तिथेच आहेत. निकाल लागले की कुलूप लागेल आणि मग थेट जून. म्हणून हे पत्र याच आठवड्यात छापलंत तर फार बरं होईल. शब्दांच्या यादीची एक झेरॉक्स सोबत जोडतेय, जागा असेल तर तीही छापा.

आपली,
एक पालक,
घणसोली, नवी मुंबई