टॅपिंग करा, पण गोळ्या सोडायला लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या जिकडे बघावं तिकडे टॅपिंगचे कोर्स चाललेत. भुवईच्या आतल्या टोकाला, डोळ्याच्या कडेला, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीवर, काखेखाली दोन बोटांनी टकटक करत मनातली भीती तोंडाने बोलायची आणि आधी किती होती, नंतर किती राहिली याला शून्य ते दहात मार्क द्यायचे. मी स्वतः करते. मुलीला बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री झोप येईना, तेव्हा तिच्या शेजारी बसून केलं, हळूहळू श्वास संथ झाला, आठावरून चारावर आलं म्हणाली आणि झोपली. त्यामुळे हे थोतांड आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण कोर्सवाले याला हजारो वर्षांची प्राचीन विद्या म्हणून विकतात ते खरं नाही. ज्याच्या पॉइंटवर ही टकटक करतात ते ॲक्युपंक्चर जुनं आहे, टॅपिंग नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमारास रॉजर कॅलाहन या सायकॉलॉजिस्टने पाण्याला घाबरणाऱ्या एका पेशंटला डोळ्याखाली टॅप करायला लावलं तिथून हे सुरू झालं, पुढे गॅरी क्रेग यांनी सोपं करून ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) नावाने पसरवलं. आणि पॉइंटचं म्हणाल तर २००३ मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात काहींनी ठरलेल्या पॉइंटवर टॅप केलं, काहींनी हातावर भलतीकडेच, काहींनी चक्क बाहुलीवर, आणि भीती तिन्ही गटांची कमी झाली! म्हणजे आराम पडतो, पण कोर्सवाले म्हणतात तसा तो शरीरात अडलेली एनर्जी मोकळी झाल्यामुळेच पडतो असं कोणी छातीठोक सांगू नये.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या ओळखीतल्या एक काकू. डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, कोर्समध्ये सांगितलं आता गोळ्यांची गरज नाही, त्यांनी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केल्या. काही दिवसांनी आम्ही गेलो तर ताटासमोर नुसत्या बसलेल्या, वरणभात गार झालेला, मुलगा म्हणाला घास हातात दिला तरच खातात. आता परत ट्रीटमेंट चालू आहे. कोर्सवाल्यांनी मात्र फोनसुद्धा उचलला नाही, फार चीड येते हो.

माझी कळकळीची विनंती आहे, अशा कोर्सच्या जाहिराती छापताना त्याखाली 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधं बंद करू नका' एवढी ओळ आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा, फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

कळावे,
एक वाचक, मिरज