खोलीतलं खोलीत राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने तिथल्या आलिशान हॉटेलांवर तुमच्या रविवारच्या पुरवणीत पानभर मजकूर आला. फोटो सुरेख होते. मधोमध मात्र एक चौकट होती: कुठल्या अभिनेत्रीने उशा तीनदा बदलून घेतल्या, कोणाच्या बाथरूममध्ये कसल्या गोळ्या होत्या, कोण पहाटे कोणाबरोबर परतलं. खाली बारीक अक्षरात ‘हॉटेलमधील सूत्रांकडून’.

हे सूत्र म्हणजे कोण, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी २८ वर्षं हाऊसकीपिंगमध्ये काढली. रूम अटेंडंट म्हणून लागले, फ्लोअर सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. नव्या मुलींना पहिल्या दिवशी आम्ही दोन गोष्टी शिकवायचो: चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, आणि आत काय पाहिलं ते ट्रॉलीबरोबर बाहेर आणायचं नाही. मोठ्या पाहुण्यांची नोंद पुष्कळदा दुसऱ्याच नावाने असते. दार उघडल्यावर समोर कोण आहे ते कळतं, आणि कळलं हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. हे वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या वर्षी माझ्या हातातून टॉवेलांची चळत पडली होती.

आमच्या हॉटेलात काही वर्षं एका महोत्सवाचे पाहुणे उतरत. अशाच एका वर्षी स्टाफ गेटबाहेर एक पत्रकार उभा राहायला लागला. ‘अमक्या खोलीच्या कचऱ्याच्या डब्यात काय होतं तेवढंच सांगा,’ म्हणायचा. आमच्यातल्या एका मुलीने सांगितलं. छापूनही आलं. नाव अर्थातच छापलं नव्हतं, सूत्र गोपनीय होतं. पण त्या पाळीला त्या मजल्यावर आम्ही चौघीच होतो, आणि कोणतं दार कोणत्या कार्डाने किती वाजता उघडलं याची नोंद कुलपात असते. व्यवस्थापनाला शोधायला अर्धा दिवसही लागला नाही. मुलीची नोकरी गेली. पत्रकाराचं नाव बातमीवर ठळक होतं.

बरं, प्रश्न नोकरीपुरताही नाही. कोण कुठल्या मजल्यावर आहे, सोबत काय दागिने आणलेत, रात्री किती वाजता परततो, ही माहिती वाचकाला करमणूक वाटते आणि चोराला उपयोगी पडते. २०१३ च्या मे महिन्यात, कान महोत्सव चालू असतानाच, एका दागिन्यांच्या कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या हॉटेलच्या खोलीतून दागिन्यांची तिजोरीच भिंतीतून उखडून नेली. त्याच वर्षी जुलैत कानच्याच कार्लटन हॉटेलातल्या हिऱ्यांच्या प्रदर्शनात एकटा माणूस शिरला आणि सुमारे १० कोटी युरोंचा ऐवज घेऊन पसार झाला. २०१६ साली पॅरिसमध्ये अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियनला तिच्या खोलीत बांधून लुटलं. तिच्या अंगावर काय आहे आणि ती कोणत्या शहरात आहे, हे समाजमाध्यमांवर सगळं जग पाहत होतं. त्या रात्री दरोडेखोरांनी आधी पकडलं ते रिसेप्शनवरच्या कारकुनाला. हातात बेड्या घालून त्यालाच वर खोलीपर्यंत चालवत नेलं. त्या प्रकरणाच्या बातम्या मी बारकाईने वाचल्या, चोरीला गेलेल्या अंगठीबद्दल जेवढं होतं त्याच्या पावपटही त्या कारकुनाबद्दल नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग हॉटेलबद्दल लिहायचंच नाही का? लिहा की. चित्रपट महोत्सव आणि हॉटेल यांचं नातं जुनं आहे. व्हेनिसचा पहिला महोत्सव ६ ऑगस्ट १९३२ ला सुरू झाला तो लिदो बेटावरच्या एक्सेलसियर हॉटेलच्या गच्चीवर. कानमध्ये तर महोत्सवाच्या दिवसांत क्रोझेत या समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या हॉटेलांतल्या कित्येक खोल्यांमधले पलंग काढून टाकतात आणि तिथे टेबलं लागतात. चित्रपटांची खरेदी-विक्री करणाऱ्यांची ती कचेरी होते, बाहेर बाल्कनीवर पोस्टर चढतात. पलंग काढायचे, गाद्या कुठेतरी रचायच्या, बारा दिवसांनी सगळं होतं तसं लावायचं. एका मजल्याचे पलंग हलवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला विचारा. तो भरभरून सांगेल, आणि त्यात कोणाचं गुपितही फुटणार नाही.

किंवा टॉवेलांबद्दल विचारा. महोत्सवाच्या आठवड्यात आमच्या लिनन रूमची खरी लढाई मेकअपशी असायची. काजळ, मस्कारा, फाउंडेशन, केसांचा रंग. पांढऱ्या टॉवेलवरचा मस्कारा धुतला की राखाडी होऊन पसरतो. नंतर आम्ही खोल्यांमध्ये मेकअप पुसायला छोटे काळे टॉवेल ठेवायला लागलो. पाहुणे तरी पांढऱ्यालाच तोंड पुसायचे, कारण काळा टॉवेल त्यांना घाण वाटायचा! अंग सावळं दिसावं म्हणून लावायचं क्रीम तर चादरीवर माणसाची आकृती सोडून जातं. एरवी अर्ध्या तासात उरकणारी खोली त्या आठवड्यात दोन तास खायची.

आणि दुपारी चार. संध्याकाळचा खेळ सातला असला की चारला प्रत्येक खोलीतून एकाच वेळी फोन, कपड्यांना वाफेची इस्त्री हवी म्हणून. माणसं तीन, इस्त्र्या दोन. झगा इतका लांब की एकीने जमिनीपासून उचलून धरायचा आणि दुसरीने वाफ द्यायची. कपड्यांचा रॅक आत घेतला की सर्व्हिस लिफ्टचं दार लागायचं नाही. मग एक मुलगी जिन्याने सात मजले झगा डोक्यावर धरून चढायची, पायरीला टोक लागू न देता. प्रेक्षकाला दिसतो तो लाल गालिचा, त्याच्या आधी हा जिना असतो.

इस्त्रीवरून आठवलं. १९५५ च्या मे महिन्यात हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेस केली कार्लटनमध्ये उतरली होती. मोनॅकोचा राजा प्रिन्स रेनिए याला भेटायला निघायचं, तर संपामुळे वीज गेलेली. इस्त्री चालेना, केस वाळवता येईनात. शेवटी इस्त्री न केलेला चालेल असा मोठ्या फुलांचा झगा घालून ती निघाली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. लोक ही परीकथा म्हणून सांगतात. मला मात्र त्यात गार पडलेली इस्त्री आणि घड्याळ एवढंच दिसतं.

त्याच कार्लटनसमोर २०२३ च्या महोत्सवात कामगार जमले होते, निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याच्या विरोधात. हॉटेलातल्या माणसांना तोंड उघडायचं असतं ते अशा कारणांसाठी. तुमच्या पुरवणीत त्या वर्षी याची ओळही नव्हती, मी कात्रणं ठेवते म्हणून सांगते. उशांची चौकट मात्र दरवर्षी असते.

तर विनंती एवढीच. पुढच्या वर्षी तुमचा प्रतिनिधी जाईल, तेव्हा त्याने पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराने आत जावं, परवानगी काढून, पैशांचं पाकीट सोबत न नेता. आणि पाहुण्याबद्दल न विचारता कामाबद्दल विचारावं.

मला स्वतःला विचाराल तर मीही एक गोष्ट सांगू शकते. एका संध्याकाळी एका फार मोठ्या नटाच्या कोटाचं बटण मी त्याच्या खोलीत उभ्याउभ्या शिवून दिलं. खाली गाडी थांबली होती. तो कोण, त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं आणि तो काय बोलला, ते राहू द्या. बटण काळं होतं, त्याला चार भोकं होती, आणि जुळता दोरा मिळेना म्हणून मी गडद निळा वापरला.

कळावे,
आपली,
एक निवृत्त फ्लोअर सुपरवायझर
(नाव छापू नये)