पात्याला लागणारा पाऊस

रोस्किल्ड, डेन्मार्क

ती. आई-बाबांस,
सा. न.

तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर. आणि आई, मी पवनचक्कीवर चढत नाही गं! पात्याचा तुकडाच आमच्याकडे खाली येतो.

बाबा, ‘एवढं शिकून पावसाचं काय बघतेस?’ म्हणालात. समुद्रातल्या मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक सेकंदाला ८०-९० मीटर, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास फिरतं. त्या वेगात थेंब खड्यासारखा लागतो. आधी रंगाला टाचणीएवढी छिद्रं, मग खड्डे, मग पुट्टी उडून आतलं काचतंतूचं कापड उघडं. कड खडबडीत झाली की वीज घटते. इथल्या रिसोच्या प्रयोगशाळेत संरक्षक लेप दिलेले पात्याचे नमुने फिरत्या दांड्याला लावून त्यांच्यावर थेंब सोडतात. मध्येमध्ये थांबवून फोटो. लेप चांगला असूनही लावण्यात चुकलं की संपलं: कडेवर चिकटवलेल्या संरक्षक टेपखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तर ती तिथूनच सुटते. २०१८ साली इथल्या संशोधकांनी मांडलं की फार जोराचा पाऊस वर्षातून थोडेच तास असतो. तेवढ्यापुरती चक्की सावकाश फिरवली तर पातं कितीतरी पट टिकतं, वीज किरकोळ बुडते. आपल्या साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांना हा हिशेब नव्याने मांडावा लागेल. तिथे वारा आणि पाऊस दोन्ही आषाढ-श्रावणातच!

इथली एक गंमत. लोक मोबाईलवर विजेचा भाव बघून कपडे धुतात. उद्याचे भाव आज दुपारी लागतात, भाजी मंडईसारखे. संध्याकाळी ५ ते ९ महाग, कारण घरोघरी स्वयंपाक. रात्री वारा सुटला की स्वस्त. कधी तर भाव शून्याखाली जातो, तरी कर आणि वहनखर्च द्यावाच लागतो. रात्री स्वस्त म्हणून मध्यरात्री कपडे धुण्याचं यंत्र चालू. आजीला सांगा, वेड लागलेलं नाही, नात काटकसर करतेय.

छतावरच्या ३ किलोवॅटच्या सोलरचे सगळे पैसे पाठवलेत. सरकारचं ७८,००० रुपयांचं अनुदान नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसून तपासणी झाल्यावर येतं, त्यावर विसंबू नका. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण १७-१८ अंश कललेले हवेत. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्खी ओळ मार खाते, तेव्हा टाकी आधी हलवा.

दादाच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. रजेचं कारण खरं आहे, बाबा. व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा मोबाईल आजीच्या हातात द्या, हलला तरी चालेल. मावशीच्या त्या स्थळाला अजून काही कळवू नका. मी रविवारी फोन करते, नक्की.

तुमची,
छकुली